इस्लामपूरच्या टाळ्या

१

हरणाबाईंची ओवी चोरीला गेली होती, आणि चोरानं तिच्या जागी टाळ्या ठेवल्या होत्या.

हे उघड झालं तेव्हा अपेक्षा मिरजेच्या हॉस्पिटलात आपल्या खोलीत होती. लोकांचे कान तपासणं हे तिचं काम. बाहेर ऐकू न येणारी म्हातारी माणसं बाकावर बसून एकमेकांवर खेकसत होती, आणि आत हरणाबाई हेडफोन लावून बसल्या होत्या. त्यांच्या कानांना काही झालं नव्हतं. गेला होता तो गळा. गेल्या वर्षी कॅन्सरपायी त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याच्या भोकावर फडका धरून त्या हातांनीच काय ते सांगायच्या, आणि पुतण्या धुळा ते हात वाचून दाखवायचा.

त्यांचा मुलगा मल्हार म्हणजे ‘कुसळ’ या रॉक बँडचा गायक. आटपाडीकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेला पोरगा. गिटार, ड्रम आणि धनगरी ढोल एकत्र करून त्यानं जो दणका उडवला होता, त्यापायी सातारा-सांगलीची पोरं वेडी झाली होती. त्याचा कायदा एकच होता. कार्यक्रमात फोन खिशात ठेवायचा. रेकॉर्डिंग ठरलेल्या तिघा चाहत्यांनी चांगल्या माईकवर करायचं आणि नंतर सगळ्यांना फुकट वाटायचं. विकायचं नाही, कापायचं नाही. माणसं निमूट फोन खिशात घालत, कारण त्या तिघांवर सगळ्यांचा भरवसा होता.

दोन वर्षांपूर्वी इस्लामपूरच्या एका मंगल कार्यालयात मल्हारनं आईला हाताला धरून स्टेजवर आणलं, आणि हरणाबाईंनी स्वतः रचलेली ओवी म्हटली. अपेक्षा तिथं होती. ओवी संपल्यावर एकानंही टाळी वाजवली नव्हती. सगळेच डोळे पुसत होते, आणि त्या शांततेतच पुढच्या गाण्याचा ढोल सुरू झाला. त्याच आठवड्यात मल्हारची मोटरसायकल पेठ नाक्याजवळ ट्रकखाली गेली. मग त्या तिघांनी शपथ घेतली, की आईंच्या आधी हे रेकॉर्डिंग कुणी ऐकायचं नाही. आणि आईंना ते ऐकायचा धीर होत नव्हता.

गेल्या महिन्यात मात्र कुसळचा गिटारवाला विश्वजित याचं पुण्याहून नवं गाणं आलं.

माळाच्या वाऱ्या रं, माझं पाल नको हालवू,
मेंढरांमागं गेल्या लेकाला नको भुलवू.

खाली छापलं होतं, गीत आणि संगीत विश्वजित. आटपाडीच्या एस.टी. स्टँडवर ते ऐकून हरणाबाईंनी धुळाच्या हातातला मोबाईल हिसकावून जमिनीवर आपटला होता. अपेक्षानं फोन केला तेव्हा विश्वजित साखर पेरल्यासारखा बोलला. “मावशींनी काहीतरी जुनं गुणगुणलं असेल. हे शब्द त्यांचे असल्याचा पुरावा दाखवा, मी नाव काढतो.”

म्हणून आज हरणाबाईंनी धीर केला होता. अपेक्षानंही दुसरा हेडफोन लावला होता. ढोल डाव्या कानात, गिटार उजव्या कानात, मधे मल्हार. गाणं संपलं. आता मल्हार आईला हाक मारणार. हरणाबाईंनी फडका घट्ट धरला.

टाळ्या आल्या. डोक्याच्या मधोमध कोंबून भरल्यासारख्या टाळ्या, त्यांत तोडून तोडून दोनदा मारलेली लांबलचक शिट्टी, आणि थेट पुढचा ढोल.

अपेक्षानं मागं नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. हरणाबाईंचे हात हलले. धुळानं एकदा खाली पाहिलं, मग सांगितलं.

“चुलती इचारत्या, माझा आवाज कुठं गेला?”

२

अपेक्षाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं तिथूनच तिघांनाही फोन लावले आणि आपापली प्रत उघडायला लावली. मलकापूर, इस्लामपूर, सांगली. तीन घरं, तीन प्रती, आणि तिन्हींत ओवीच्या जागी त्याच टाळ्या. म्हणजे काटछाट प्रती निघायच्या आधीच झाली होती. रेकॉर्डरचं मूळ कार्ड आकारामनानांकडून अंकिताकडं आणि अंकिताकडून शिवतेजकडं गेलं होतं. शिवतेजनं प्रती काढल्या आणि कार्ड रिवाजाप्रमाणं पुसून ठेवलं. चोर या तिघांतला होता. विश्वजित खाणारा, ताट वाढणारा यांच्यातला कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी ती मलकापूरला गेली. आकारामनाना फौजेत सिग्नलला होते. निवृत्त होऊन ऊस लावला, आणि मुलाच्या नादानं कुसळ ऐकता ऐकता मुलापेक्षा जास्त बिघडले. इस्लामपूरला माईक त्यांच्याच हातात होता.

“कार्ड किती दिवस होतं तुमच्याकडं, नाना?”

“म्हैनाभर. टरंकंत ठिवलं हुतं. हात लावायचं धाडस झालं न्हाई बघ, पोरी.”

“तुमचा मुलगा विश्वजितच्या ऑफिसात लागलाय म्हणं.”

नानांचा चेहरा लाल झाला. “लागला की. माज्या सांगन्यावरनं न्हाई लागला. तू मला चोर म्हनाया आलीयास व्हय?”

“मी विचारायला आले. ओवी झाली तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“काय करनार? माईकवाला मुका, ह्यो आमचा रिवाज. ज्येच्या हातात माईक, त्यानं टाळी न्हाई, वरडणं न्हाई. खोकला आला तरी गिळायचा. डोळ्यांतनं पानी गळत हुतं, पर मी हूं का चूं केलं न्हाई.” ते जरा निवळले. “येरवी मी गप ऱ्हानारा गडी न्हवं. माईक दुसऱ्याच्या हातात असला, की मी त्येच्या बाजूलाच. समद्या रेकॉर्डिंगमधी माजी शिट्टी हाय.”

बोलता बोलता त्यांचं कुत्रं उसात घुसलं. नानांनी दोन बोटं तोंडात घातली. शिट्टी लांब गेली, तुटली, पुन्हा लांब गेली.

अपेक्षा उभीच राहिली. ही शिट्टी तिनं कालच ऐकली होती.

“नाना, ही शिट्टी त्या टाळ्यांत आहे. इस्लामपूरच्या.”

“शक्यच न्हाई,” नाना म्हणाले. “म्या मारलीच न्हाई.”

“आहे. मी कानांनी ऐकली.”

नाना तिच्याकडं पाठ करून वळले. मग घरात गेले आणि दार लावून घेतलं.

३

अंकिता इस्लामपूरला कॉलेजात शिकवायची. तिचं आणि विश्वजितचं लग्न ठरलं होतं आणि मोडलं होतं, हे चाहत्यांच्या सगळ्या गटाला माहीत होतं. कुणी ते तिच्यासमोर काढत नसे. अपेक्षानं दारातच काढलं. मैत्रीण असली म्हणून काय झालं, आज तिला कुणाचीच भीडभाड ठेवायची नव्हती.

“त्याच्यासाठी तू हे केलं असशील, तर आत्ताच सांग.”

“त्याच्यासाठी?” अंकिता हसली, पण ते हसू बरं नव्हतं. “त्यानं माझ्या कविता स्वतःच्या नावावर वाचल्या होत्या, अपे. लग्न कशापायी मोडलं असं वाटतं तुला?”

“कार्ड तुझ्याकडं आठवडाभर होतं. आवाज कापायचं-जोडायचं तुला येतं. कॉलेजची व्याख्यानं तूच तयार करतेस.”

अंकितानं तिला आत घेतलं. मग म्हणाली, “शपथ मी मोडली. हे खरं आहे. कार्ड लावलं, तिसऱ्या गाण्यापर्यंत ऐकलं. पुढं ऐकवेना. बंद केलं आणि शिवतेजला नेऊन दिलं. ओवी त्याच्या बरीच पुढं होती. तिथवर मी पोचलेच नाही.”

खरं की खोटं, अपेक्षाला कळेना. तिनं आपला लॅपटॉप उघडून तो तुकडा लावला. अंकितानं डोळे मिटून ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“या टाळ्या मी कधी ऐकल्याच नाहीत.”

“म्हणजे?”

“कुसळचे सगळे कार्यक्रम आहेत माझ्याकडं. कराडला कोण खोकलं आणि तासगावला कुणाचं पोर रडलं, ते मी झोपेत सांगेन. नानांना विचार, त्यांचंही तेच. आम्ही दोघं हे ऐकूनच तर दिवस काढतो. दुसऱ्या कार्यक्रमाच्या टाळ्या चिकटवल्या असत्या, तर आम्ही ऐकताक्षणी धरलं असतं. यात शिट्टी नानांची आहे, पण टाळ्या ओळखीच्या नाहीत.”

“तुझ्याकडं नाही असा एकही कार्यक्रम नाही?”

“एक विटा. तिथं शिवतेजच्या माईकची एक बाजू मेली होती, एकाच कानाचं रेकॉर्डिंग झालं. ते त्यानं कुणाला दिलंच नाही. खराब झालं म्हणाला.”

अपेक्षा परतीच्या एस.टी.त बसली आणि हेडफोन लावून तो तुकडा ऐकत राहिली. सांगली आली तेव्हा तिनं डावा कान उघडा करून उजव्यानं ऐकलं. मग उलटं केलं. मग शेजारचा माणूस दचकावा एवढ्या जोरात तिनं समोरच्या दांड्यावर मूठ मारली.

४

तरीही ती शिवतेजकडं एकटी गेली. एकदा समोरासमोर विचारायचं होतं.

सांगलीत खाली हळदीचं अडत दुकान, वर त्याची खोली. खोलीला एसी, खिडक्यांना जाड पडदे, आणि भिंतभर फळ्यांवर कार्यक्रमांच्या डब्या, एकेका डबीत एकेक पेनड्राइव्ह. सगळ्या गटात शिवतेजइतका मान कुणालाच नव्हता. कुसळसाठी त्यानं केलं तेवढं कुणी केलं नव्हतं. हरणाबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी शहाळी घेऊन हॉस्पिटलात रोज जाणाराही तोच.

“बस गं डॉक्टर. चहा सांगू?”

“चहा नको. टाळ्या कुठून आल्या ते सांग.”

त्यानं मान हलवली, वाईट वाटल्यासारखी. “मला बोलायचं नव्हतं. पण टाळ्यांतली शिट्टी नानांची आहे, ऐकलीस ना? माईक त्यांच्या हातात. ओवी ऐकून भारावले, मुकेपणा विसरले. आणि पुढं घरी… मुलाची नोकरी, माणूस मोहात पडतो. कार्ड माझ्याकडं आलं तेव्हा ते असंच होतं. मी शपथेमुळं ऐकलं नाही, नुसत्या प्रती काढल्या.”

सगळं कसं रांगेत बसत होतं. नानांनी शिट्टी मारली, नानांनीच कापलं. चार दिवसांपूर्वी अपेक्षानं यावर विश्वासही ठेवला असता.

“तू आजवर काही पुसलंयस, शिवतेज? एखादं बिघडलेलं?”

“कधीच नाही,” तो अभिमानानं म्हणाला. “साऊंड चेकला पाऊस आला होता, तो पाऊससुद्धा आहे माझ्याकडं.”

“मग विट्याचं ऐकव मला.”

त्याचा हात कपाळाकडं गेला. “विट्याचं? ते… ते तेवढं फेकलं.”

अपेक्षा उठली. जिना उतरून ती हळदीच्या पोत्यांमधे उभी राहिली आणि नाना, अंकिता दोघांनाही फोन केले. दोघंही दुसऱ्या दिवशी दुपारी आली. नाना तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण आले.

५

शिवतेजनं तिघांना दारात पाहिलं आणि चेहऱ्यावर हसू आणलं. ते हसू पाहून अपेक्षाच्या डोक्यात तिडीक गेली.

“ओवीनंतर टाळ्या वाजल्याच नव्हत्या,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “मी तिथं होते. ओवीआधीच्या टाळ्यांवर मल्हार बोलत होता, आईला बोलवत होता. म्हणजे ओवी काढून जोड झाकायची, तर इस्लामपूरच्या टाळ्या उपयोगाच्या नाहीत; दुसऱ्या गाण्याच्या घेतल्या, तर त्याच टाळ्या दोनदा ऐकू येतात. बाहेरून आणाव्या लागणार. नुसतं कापून सोडता आलं असतं. पण तुझ्यासारख्याला खट्ट आवाजाची जोड सहन होत नाही. तुला ती सफाईदारच लागते.”

“माझ्यासारख्याला म्हणजे?”

“ऐक. बाहेरून म्हणजे कुठून? नाना आणि अंकिताला सगळे कार्यक्रम पाठ आहेत. त्यांनी धरलं असतं. म्हणून त्यांनी न ऐकलेल्या टाळ्या हव्या होत्या. त्यांत नानांची शिट्टी आहे, माईकच्या अगदी जवळ. म्हणजे तिथं माईक नानांच्या हातात नव्हता, नाना माईकवाल्याच्या बाजूला होते.”

“पुन्हा तेच. नाना भारावले असतील.”

“भारावले असते, तर मुकेपणा मोडला असता. पण माईकचा दुसरा कान मेला नसता.” अपेक्षानं हेडफोन टेबलावर आपटला. “इस्लामपूरचं बाकी सगळं दोन कानांचं आहे. ढोल इकडं, गिटार तिकडं. त्या टाळ्या तेवढ्या दोन्ही कानांत हुबेहूब एक आहेत. एकच चांगला कान होता, तोच दोन्हीकडं भरलाय. असं रेकॉर्डिंग कुसळचं एकच. विट्याचं. ते तुझ्या माईकवर झालं, आणि तू कुणाला दिलं नाहीस. इतकी वर्षं नानांची शिट्टी प्रत्येक रेकॉर्डिंगमधे ऐकून तुला ती शिट्टी ऐकूच येईनाशी झाली होती.”

“ते मी फेकलं, काल सांगितलं ना.”

“पाऊस जपून ठेवणारा माणूस विटा फेकेल?”

नाना केव्हाच फळीपाशी पोचले होते. डब्या तारखेनं लावलेल्या, त्यांना क्रम तोंडपाठ. पलूस, त्यानंतर विटा. डबी जागच्या जागी होती. पुरावा लपवतानाही शिवतेजला ती फेकणं जमलं नव्हतं, आणि भलत्या जागी ठेवणंही जमलं नव्हतं. अंकितानं तीतला पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. विट्याच्या शेवटच्या गाण्यानंतर त्या टाळ्या आल्या, ती शिट्टी आली.

शिवतेज खुर्चीत बसला. “मल्हारच्या दिवसकार्याच्या जेवणात विश्वजितनं मला बाजूला घेतलं,” तो म्हणाला. “तो म्हणाला, पुण्याची म्युझिक कंपनी कुसळचं सगळं बाहेर काढेल, प्रत्येक कार्यक्रम, वर संग्राहक म्हणून माझं नाव. पण ते एक गाणं त्याच्या नावावर हवं. ओवी राहिली तर काहीच निघणार नाही. मी एक ओवी काढली. त्यात मल्हारचं बाकी सगळं वाचणार होतं. तुम्ही समजून घ्या. नाहीतर हे सगळं या खोलीत कुजलं असतं.”

“वाचणार हुतं,” नाना म्हणाले. “त्या बाईला शाळी पाजताना हेच मनात हुतं व्हय रं तुज्या? तिचा गळा कापल्यावर?”

“मूळ कुठं आहे?” अपेक्षानं विचारलं.

“पुसलं.”

“खोटं.”

त्यानं खुर्ची पुढं सरकवली. मग समोरचाच ड्रॉवर ओढला. आत एक डबी होती, आणि डबीच्या कडा हात लागून लागून गुळगुळीत झाल्या होत्या.

“तू ऐकतोस हे,” अंकिता म्हणाली.

“रोज,” शिवतेज म्हणाला. “दुकान उघडायच्या आधी.”

नानांचा हात वर गेला. अंकितानं तो धरला. अपेक्षाला वाटलं, सोडावा. जिचा आवाज, तिलाच तो ऐकायला मिळत नव्हता, आणि हा चोर मात्र तो रोज ऐकून दुकान उघडत होता. तिच्या तोंडून शिवी निघाली, साधी, गावातली, आणि तिला तिचं काहीच वाटलं नाही.

“चल,” ती म्हणाली. “आईंकडं.”

६

मिरजेत हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत धुळानं एक खोली घेतली होती. हरणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. वाटेतच अंकितानं ओवी गटातल्या सगळ्यांना पाठवली होती. अपेक्षाच्या फोनवर विश्वजितचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं, आणि ती ते पाहून न पाहिल्यासारखं करत होती.

हेडफोन नको, असं हरणाबाईंनी खुणेनं सांगितलं. धुळानं स्पीकर जोडला.

मल्हार बोलला. “ही माझी आई. गाणं हिचं आहे, मी नुसता ढोल वाजवतो. लाजू नगंस गं आये, म्हन.” मग हरणाबाईंचा आवाज आला, थोडा जाड, माळावरून हाळी द्यावी तसा मोकळा. माळाच्या वाऱ्या रं. मधे एका ठिकाणी त्या अडखळल्या आणि हसल्या, मल्हारही हसला, आणि त्यांनी पुन्हा धरलं. भिंतीला टेकलेल्या हरणाबाईंचे ओठ हलत होते. ओवी संपली. पुढं ती शांतता होती, माणसांनी भरलेली, आणि मग ढोल. अपेक्षानं बंद केलं.

हरणाबाईंनी हातांनी विचारलं. धुळानं सांगायची गरजच नव्हती. अपेक्षानं शिवतेजकडं बोट केलं.

त्यांनी त्याला ओळखलं. ऑपरेशननंतर गळ्यातून नळी घातलेली असताना जो पोरगा उशाशी बसायचा, तो हा. शिवतेज पुढं सरकला आणि पाया पडायला वाकला. हरणाबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

तो तसाच वाकलेला राहिला, हात जमिनीवर. “आई, मारा मला,” तो म्हणाला. “शिव्या द्या. पण काहीतरी बोला. तुम्ही काहीतरी बोला.”

खोलीत सगळ्यांनी ते ऐकलं. तो काय बोलून गेला हे त्याला उशिरा कळलं, आणि त्यानं तोंडावर हात धरला.

हरणाबाईंनी अपेक्षाला खूण केली, हे कसं लावायचं? अपेक्षानं बटण दाखवलं. हरणाबाईंनी गळ्यावरचा फडका नीट केला, पुढं वाकून स्वतःच्या बोटानं ते दाबलं, आणि आवाज वाढवत वाढवत शेवटापर्यंत नेला. स्पीकर थरथरला. शिवतेजच्या तोंडासमोर, हातभर अंतरावरून, त्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

धुळानं उठून दार सताड उघडलं. गल्लीतून डबे घेऊन हॉस्पिटलकडं चाललेली माणसं थांबून ऐकू लागली.